लालतोंड्या देवाची लेक

माझ्या भाचीला आम्ही देवाला विकायला नेलं, तेव्हा देव आधी नाहीच म्हणाला होता. हे मुद्दाम सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका सांगत सुटल्या की देवाने पोरीला हसत हसत पदरात घेतलं. देव हसला हे खरं. पण तो आम्हाला हसला.

मी थोआ. हायफाँगमध्ये बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझं पार्लर आहे. खाली मी बायकांचे केस धुते, कापते, रंगवते. वर आई, माझा मोठा भाऊ किएन, त्याची बायको न्हान आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी राहतात. मीही तिथेच राहते. लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्या बाईच्या डोक्यावर मी पाणी जरा जास्तच गरम सोडते. मुलीचं खरं नाव चांगलं सुरेख आहे, पण घरात तिला न्हिम म्हणतात, म्हणजे साळिंदर. गोड नाव ऐकलं की भुतं मागे लागतात म्हणून लहान मुलांना असंच काहीबाही म्हणायचं. भुतांनी ते मनावर घेतलं की नाही माहीत नाही, पण न्हिमने फारच घेतलं.

केळं तिने सोलायच्या आत दुसऱ्या कुणी सोललं, की संपलं. ती सरळ खाली येऊन माझ्या पार्लरच्या फरशीवर आडवी व्हायची आणि आकाशपाताळ एक करायची. केस धुवायला आडव्या झालेल्या बायका वर, ही खाली. एकदा गल्लीच्या तोंडाशी खेकड्याच्या रश्शातल्या शेवया विकणाऱ्या लुआबाईंनी तिला पायाने जरा बाजूला सारलं, तर तिने लुआबाईंच्या पोटरीचा चावा घेतला. बाप हेल्मेट तिला न विचारता घालतो म्हणून रडायची, आणि विचारून घातलं तर विचारलं का म्हणून रडायची.

किएनदादा बंदरावर क्रेन चालवतो. दिवसभर उंचावर बसून खालच्या माणसांवर ओरडायचं, हेच त्याचं काम. घरी आला तरी तो क्रेनवरून उतरलाय असं वाटायचं नाही. ती रडली की हा ओरडायचा, हा ओरडला की ती दुप्पट रडायची, मग आई त्याच्यावर ओरडायची, आणि बुटांच्या कारखान्यातून दमून आलेली न्हानवहिनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची. बालवाडीच्या बाईंनी बोलावून सांगितलं, की ती रडते तेव्हा काही बोलू नका, नुसते तिच्याजवळ बसा.

"बसतो की," दादा म्हणाला. "पण आधी तिने रडणं थांबवलं पाहिजे."

शेवटी आईने सूत्रं हातात घेतली. देवळात जाऊन भिक्षुणीबाईंना पोरीची जन्मवेळ सांगून आली आणि जाहीर केलं, "वाईट घटकेला जन्मलीय. आपल्याला पेलायची नाही. विकून टाकू."

"कुणाला?" दादाने विचारलं.

"लालतोंड्या देवाला. तुझ्या आत्याला नव्हतं विकलं? बारा वर्षांची होईपर्यंत पोर त्याची. आपण फक्त सांभाळायचं. मग सोडवून आणायची."

"आणि किती देतो तो?"

आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. चाळिशीला आलेल्या क्रेनवाल्याच्या पाठीत असा धपाटा घालणारी बाई आमच्या गल्लीत दुसरी नाही.

चिकट भाताचं तबक, साखरेच्या पिठाच्या गुलाबी मुदी, फळं, फुलं असं सगळं घेऊन आम्ही गेलो. बुद्धाच्या मोठ्या दालनाच्या बाजूला लालतोंड्या देवाचं दालन आहे. लाल चेहरा, लांब काळी दाढी, अंगावर जुन्या काळातल्या अधिकाऱ्याचा झगा, आणि चेहऱ्यावर रजेचा अर्ज नामंजूर करणाऱ्या साहेबाचा भाव. भिक्षुणीबाईंनी विनंती वाचली, बशीत दोन नाणी घेतली आणि उडवली. एक उताणं आणि एक पालथं पडलं तर होकार. दोन्ही पालथी पडली.

"नको म्हणतोय," दादा पुटपुटला.

पुन्हा उडवली. दोन्ही उताणी. म्हणजे देव हसतोय.

"ऐकलं असेल त्याने तिचं," लुआबाई म्हणाल्या. त्या पोटरीवर अजून चिकटपट्टी लावून हजर होत्या, विक्री नीट होते की नाही ते बघायला.

आईने हात जोडून खूप गयावया केली. पोरगी मनाने चांगली आहे, खाण्यापिण्याचे फार नखरे नाहीत, आवाज तेवढा मोठा आहे पण देवाच्या दालनाची भिंत जाड आहे. हे चालू असताना न्हिम देव्हाऱ्याच्या टेबलाखाली बसून गुलाबी मुदी खात होती. पुढच्या खेपेला एक नाणं घरंगळत तिच्यापर्यंत गेलं, तिने ते परत आणून बशीत ठेवलं, आणि ते नेमकं पालथं ठेवलं. दुसरं उताणं होतंच. आई म्हणाली, "झाला होकार!" भिक्षुणीबाईंनी लगेच बशी आवरली. त्यांनाही देवळात पुष्कळ कामं होती.

म्हणजे खरं पाहता पोरीने स्वतःच स्वतःला विकलं. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर आईने नियम सांगितले. देवाची लेक आहे, तिच्यावर हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. तिने आता दादाला बाबा म्हणायचं नाही, काका म्हणायचं. वहिनीला काकू. आजी म्हणायला हरकत नाही, आजी काय गल्लीतलं कुणीही म्हणतं. माझं नातं विकायचं मात्र आई विसरली, त्यामुळे मी आत्याच राहिले.

"आणि माझा बाबा कोण?" न्हिमने विचारलं.

"तो देवळातला. लाल तोंडाचा. मोठा माणूस आहे हो!"

न्हिमने जरा विचार केला आणि मान डोलावली. दाढी तिला आवडली होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराची कळाच बदलली. दादाला देवाची भीती आईपेक्षा थोडी कमी आणि बंदरावरच्या साहेबापेक्षा थोडी जास्त. साहेबाच्या मुलीशी बोलावं तसा तो स्वतःच्या पोरीशी बोलायला लागला. "बाईसाहेब, चपला जरा बाजूला घेता का? नाही, घाई नाही, तुमच्या सवडीने." न्हिमही तशीच. "घेते हं, काका." केळं वहिनीने चुकून सोललं, तर पोरगी म्हणाली, "असू दे काकू, मी असंच खाते." वहिनीच्या हातून साल गळून पडली.

फरशीवरचं लोळणं बंद. किंचाळणं बंद. जेवताना माशाच्या तुकड्याला हात लावायच्या आधी, "हा मी घेतला तर चालेल का?" बालवाडीत दर शुक्रवारी 'गुणी बाळ' अशी चिठ्ठी देतात, ती वर्षभरात तिला एकदाही मिळाली नव्हती. आता दर शुक्रवारी. आईने त्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागली.

पार्लरमध्ये दुसरा विषय नाही. डोक्याला फेस लावून पडलेल्या बायका तिथूनच विचारायच्या, "कुठला देव म्हणालीस? लाल की काळा?" बघता बघता गल्लीतली अर्धी पोरं विकली गेली. शिंप्याचे जुळे एकाच तबकात गेले. रोज संध्याकाळी गल्लीत जो आरडाओरडा असायचा तो थांबला, आणि दारादारातून ऐकू यायला लागलं, "साहेब, गृहपाठ कराल का? आभारी आहे." डोळे मिटले तर बँकेत उभं असल्यासारखं वाटायचं. एका बाईने तर मला हळूच विचारलं, नवरा विकता येतो का. मी म्हटलं, विचारून बघ, पण वयाची अट असावी. लुआबाईंना सासू विकायची होती. सासूबाई शहाऐंशीच्या, म्हणजे बारा वर्षं पुरी होऊन बराच काळ लोटलेला, म्हणून बेत रद्द झाला.

सगळे खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू. माझं पार्लर शांत झालं होतं. पण मग एक दिवस न्हिम पायऱ्यांवरून घसरली. गुडघा चांगला सोलवटला, रक्त आलं. मी पुढे धावले तर ती उठून बसली, माझ्या टेबलावरचा कागदी रुमाल घेऊन रक्त टिपलं, आणि वर वहिनीला हाक मारून म्हणाली, "काही झालं नाही, काकू! तुम्ही येऊ नका!" ओठ नुसते थरथरत होते. मला ते बघवलं नाही. दोनच दिवसांनी पहाटे मी उठले तर ही न्हाणीघरात, रात्री ओली झालेली चादर स्वतःच्या हाताने बादलीत बुचकळत होती. मला पाहिल्यावर म्हणाली, "काकांना सांगू नकोस हं, आत्या. त्यांच्या घरची चादर आहे."

मी आईला म्हटलं, "पोरगी ठीक नाही."

"काय बोलतेस! भिंत बघ जरा," आई म्हणाली आणि चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

पौर्णिमेला आई तिला देवळात नेत असे. त्या खेपेला आईचे गुडघे धरले होते, म्हणून मी नेलं. निघताना आई जरा कानकोंडी झाली. "तिथे ती थोडा आवाज करते," म्हणाली. "लक्ष देऊ नकोस. देवाच्या घरचं देवाच्या घरी."

न्हिमने चपला काढून नीट जोडून ठेवल्या. लालतोंड्या देवाच्या दालनात गेली, हातातली संत्री तबकात ठेवली, वाकून नमस्कार केला. मग फरशीवर आडवी झाली आणि तिने तोंड उघडलं.

आमची जुनी न्हिम! हातपाय आपटत, लाल होऊन, घसा फाडून. कबुतरं उडाली. मागच्या दालनात जप करणाऱ्या म्हाताऱ्यांनी शांतपणे कानात कापूस घातला, म्हणजे त्यांना सवय होती. आणि ती नुसतं रडत नव्हती, चहाड्या सांगत होती. "बाबा, माझा गुडघा फुटला! बाबा, काकूने केळं सोललं! बाबा, ते काका मला बाईसाहेब म्हणतात! ते मला रागवत पण नाहीत!" लाल तोंडाचा देव दाढी सोडून बसला होता. ओरडला नाही, उठून गेला नाही, नळ सोडून बसला नाही. ती दमेपर्यंत तो तिथेच होता.

भिक्षुणीबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "दर खेपेला असंच. मनसोक्त रडते, तोंड धुते, जाते. आम्ही जेवणाची वेळ त्यानुसार बदललीय."

रडून झाल्यावर मी तिला मांडीवर घेतलं. "इथे कशाला गं रडतेस?"

"मग कुठे रडू?" तिने मलाच वेड्यात काढलं. "दुसऱ्यांच्या घरी रडायचं नसतं. आजीनेच सांगितलंय. दुसऱ्यांच्या घरी मागायचं नाही, दंगा करायचा नाही, रडायचं नाही. इथे माझे बाबा आहेत ना." मग माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "आत्या, मी चांगली वागले तर ते काका-काकू मला ठेवून घेतील ना? इकडे परत नाही ना पाठवणार? बाबा चांगले आहेत, पण रात्री इथे खूप अंधार होतो."

आम्ही भिंतीवर चिकटवत होतो ते पोरीचं शहाणपण नव्हतं, ती भीती होती.

दादा कामावरून आला तेव्हा मी त्याला केस धुवायच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. तो आधी चिडला. "त्या दाढीवाल्यासमोर रडते?"

"हो."

"आणि माझ्यासमोर नाही?"

"तू कोण लागतोस तिचा? शेजारचे काका."

"अगं, पण मी तर किती प्रेमाने बोलतोय हल्ली! आयुष्यात कुणाशी इतकं गोड बोललो नाही!"

"ती आपल्याकडे पाहुणी म्हणून राहतेय, दादा. हाकलून देऊ नये म्हणून चादरी धुतेय."

तो खुर्चीत मागे रेलला, डोकं बेसिनच्या कडेला टेकवून. मग म्हणाला, "मला वाटलं ती सुधारली." आणि हाताने तोंड झाकून घेतलं.

रविवारी तो तिला सोडवायला निघाला. आई आडवी आली. बारा वर्षांच्या आत कुणी सोडवून आणतं का, देव कोपेल, घरावर संकट येईल. दादा म्हणाला, "तुझा देव मोठा आहे, त्याला लेकरं पुष्कळ आहेत. माझं एकच आहे." मोपेडवर तो पुढे, मध्ये न्हिम, मागे मी. वहिनीची रविवारची पाळी होती.

देवळात त्याने भिक्षुणीबाईंकडून बशी जवळजवळ हिसकावूनच घेतली. देवासमोर गुडघे टेकून म्हणाला, "साहेब, पोरगी परत द्या." नाणी उडवली. दोन्ही पालथी. पुन्हा उडवली. दोन्ही पालथी. न्हिम खांबाला टेकून संत्र्याची फोड चोखत बघत होती. त्याने डोळे मिटून, ओठ हलवत काहीतरी कबूल केलं, काय ते त्यालाच माहीत, आणि तिसऱ्यांदा उडवली.

दोन्ही उताणी.

"हसतोस?" दादा म्हणाला. "हसतोस काय!"

आणि तो फरशीवर आडवा झाला. मला आधी वाटलं पाय घसरला. पण त्याने हातपाय आपटायला सुरुवात केली. हा एवढा मोठा बाप्या, बंदरावरच्या पेट्या उचलणारा, पोरीने लोळावं तसा देवासमोर लोळत होता. "माझी आहे ती! मला नको तुझा होकार! मला माझी पोरगी पाहिजे!" भात ठेवलेलं तबक लाथेने उलटलं. म्हाताऱ्यांचा कापूस संपला असावा, त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं नाटक करतोय, उठवायला वाकले, तर त्याचा चेहरा ओलाचिंब होता. तो आमच्या वडिलांच्या अंत्ययात्रेतही असा रडला नव्हता.

न्हिम खांबापासून हलली. त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "काका, दुसऱ्यांच्या घरी रडायचं नसतं."

दादाने डोळे उघडले. "मग कुठे रडू?"

"आपल्या आपल्या घरी."

"एकट्याने?"

तिने देवाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. संत्र्याच्या रसाने चिकट झालेला हात पुढे केला. "चला, मी येते सोडायला."

भिक्षुणीबाईंनी आम्हाला अडवलं नाही. उलट दारापर्यंत येऊन चपला सरळ करून दिल्या. दादा सगळ्या रस्त्याने मोपेड चालवत हुंदके देत होता. सिग्नलला शेजारी कोंबड्यांचे पिंजरे लादून थांबलेल्या माणसाने विचारलं, "कुणी गेलं का घरातलं?" न्हिमने सांगितलं, "नाही, घरी जाऊन रडणार आहेत. जरा धीर धरताहेत."

पार्लरमध्ये शिरताच दादा फरशीवर बसला, सकाळच्या कापलेल्या केसांतच, आणि खरोखर पुन्हा रडायला लागला. आई जिन्यावर उभी राहून बघत होती. न्हिम दारात उभी होती. एक चप्पल पायात, एक हातात. बराच वेळ ती त्याला रडताना बघत राहिली. कुणी त्याला गप्प केलं नाही, कुणी हाकललं नाही.

"मी पण इथे रडू का?" तिने विचारलं.

दादाने नाक पुसलं. "तुझं घर आहे. विचारतेस कशाला?"

तरी तिचा विश्वास बसेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जिन्यावरच्या आजीकडे. आईने मान खाली घातली. मग न्हिमच्या ओठांचा कोपरा वाकडा झाला, हातातली चप्पल तिने दादाच्या छातीवर फेकून मारली, आणि ती आडवी झाली.

"तू मला विकलंस!" ती किंचाळली. "बाबा, तू मला विकलंस!"

"हो," दादा म्हणाला. एवढंच. समजावलं नाही, ओरडला नाही. सरकत सरकत तिच्याजवळ गेला आणि नुसता बसून राहिला. ती त्याच्या गुडघ्यावर लाथा मारत होती आणि तो गुडघा तिथून हलवत नव्हता.

न्हानवहिनी कारखान्यातून आली तेव्हा ती अजून रडतच होती. वहिनी उंबऱ्यात थबकली. तिच्या पोरीचा आवाज तिने कितीतरी दिवसांनी ऐकला होता. जेवणाचा डबा तिथेच टाकून ती त्या केसांच्या कचऱ्यात खाली बसली आणि न्हिमचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. न्हिमने तिच्याही पोटात गुद्दा मारला.

समोरच्या घराची खिडकी उघडली. गल्ली इतके दिवस शांत होती, लोकांची सवय मोडली होती. शिंपीणबाई तिथून ओरडली, "अगं बाई, कुणाची पोरगी गं ही एवढी बोंबलतेय?"

वहिनीने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मात्र तिने असा आवाज लावला की वरची भांडी वाजली.

"आमची आहे!"